दहा हाका

कृष्णकांत हरकरे मला पहिल्या दिवसापासून खटकला. १९७४ साली आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यापीठाची संशोधन साहाय्यकाची हंगामी जागा निघाली, आणि संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेला हा मुलगा शहराच्या महाल भागातून सायकल हाणत आला. मी त्याच विभागात टायपिस्ट होते. माझ्या टेबलावरची पट्टी तो विचारल्याशिवाय उचलायचा नाही, आणि परत ठेवताना पुन्हा सांगायचा. इतका सरळ माणूस समोर आला की माझं डोकं फिरतं.

काम मात्र चमत्कारिक होतं. बेशुद्ध माणसाच्या आत कितपत भान उरलंय ते एका आकड्यात सांगायचं, असा आमच्या विभागप्रमुख सरांचा ध्यास. रोग्याच्या डोक्याला तारा चिकटवायच्या, मग यंत्राच्या आठ लेखण्या सरकत्या कागदावर मेंदूच्या लहरी काढायच्या. त्या लहरी हरकरे फूटपट्टीनं मोजायचा आणि आकडे कार्डांवर भोकं पाडून मुंबईच्या संगणकाकडे पाठवायचा. वाकून वाकून त्याची मान आखडली. "लोकांचं भान मोजा, पण डबा खायचं भान ठेवा," असं मी त्याला म्हणायचे.

नियम सरांचा. रोग्याला त्याच्या नावानं दहा हाका मारायच्या, सारख्या आवाजात, दोन हाकांमध्ये वीस सेकंद शांतता. मध्येच कोणी बोललं, खोकललं, पलंगाला धक्का लागला, तर तेवढा तुकडा लाल पेन्सिलीनं खोडायचा. खोडलेलं मोजायचं नाही.

नरखेडकडचा देवराव मोटरसायकलवरून पडला आणि सहा आठवडे निपचित होता. घरच्या माणसाचा आवाज असलेला बरा, म्हणून हरकरेनं त्याच्या बायकोला, सत्यवतीला, हाका मारायला सांगितलं. ती पदर सावरत म्हणाली, "त्यायचं नाव मी कसं घेऊ, भाऊ?" दुसरा असता तर त्यानं रेटलं असतं. हरकरेला ते बरं वाटेना. केसपेपरवर होतं ते नाव घेऊन त्यानं स्वतःच दहा हाका मारल्या. लेखण्या ढिम्म. त्याच सुस्त, मोठाल्या लहरी.

पायथ्याशी बसलेली सत्यवती चार वेळा मध्येच बोलली, "आयकता का जी? मी हाव नं इथं." चारही वेळा हरकरेनं तिला हळू आवाजात थांबवलं, कागदावर 'पत्नी बोलली' असं लिहिलं आणि तुकडा खोडला.

आकडा जवळजवळ शून्य आला. 'भानाचे लक्षण नाही' हे वाक्य मीच टाइप केलं, आणि मला काही वाटलंसुद्धा नाही. अहवाल वाचून वॉर्डातल्या डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं, घरी न्या. नाकातल्या नळीनं पेज कशी द्यायची ते नर्सनं सत्यवतीला शिकवलं.

दीड महिन्यानं जुने कागद लावताना हरकरेनं ते खोडलेले तुकडे शेजारी शेजारी ठेवले. चारही ठिकाणी तेच. तिचा आवाज, आणि लगेच मोठ्या लहरी मोडून बारीक, दाट झालेल्या. माणूस जागा होता असं त्यानं म्हटलं नाही, मीही म्हणत नाही. पण तो ऐकत होता. हरकरे सरांकडे गेला, तर ते म्हणाले, "चार तुकड्यांवरून काही सिद्ध होत नाही. नियम आपणच मोडायचा का?" रजेचा अर्जही न देता त्यानं दुसऱ्या दिवशी नरखेडची एसटी पकडली.

परत आल्यावर एवढंच म्हणाला, "गेला तो. आणि गावात त्याला देवराव कोणी म्हणतच नव्हतं. लहानपणापासून सगळ्यांचा नानाजी. देवराव फक्त शाळेच्या दाखल्यावर."

पुढे सात वर्षं दर वर्षी त्याच्या हंगामी जागेची मुदत वाढत गेली. सरांचा शोधनिबंध छापून आला, त्यात दुसरं नाव हरकरेचं होतं. मला त्याचा संताप यायचा. असल्या कामाला हा चिकटून राहतोच कसा? १९८१ साली त्यानं राजीनामा दिला, तेव्हा तो कागद मला टाइप करायला देऊन समोर बसला आणि नरखेडच्या त्या दिवसाचं उरलेलं बोलला.

"चारुताई, तिनं मला चहा दिला. मग विचारलं, त्यायले आयकू येत होतं का, भाऊ? मी नाही म्हटलं."

तो कधी खोटं बोलल्याचं मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "बरं केलंत."

"ती म्हणाली, मंग बरं झालं. आठ दिवस मी त्यायच्याशी बोलत होती. सासरे म्हणे, डाक्टरनं लिहून देलं, आत कोणी नाही, काहून येड्यावानी बोलून राहिली वं? मंग मी बोलनं बंद केलं. नळीतून पेज देनंबी बंद केलं. पाच दिवस लागले त्यायले."