हळू बोला, अक्का

माझ्या बायकोला हे माहीत नाही. वडील गेले, त्यांनाही कधी कळलं नाही. तुम्हांला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हे मराठीतच सांगावं लागणार आणि माझ्या घरात ही अक्षरं वाचणारं दुसरं कुणी नाही, म्हणून? दोन्ही खरं असावं.

ही अक्षरं मला राधाअक्कांनी शिकवली. तंजावूरजवळ ओरत्तनाडूला आमच्या घरी मराठी बोलत, पण कागदावर सगळं तमिळ. वडील शिंपी, बाजारात त्यांचं मशीन होतं. घराण्यात कॉलेज कुणी पाहिलेलं नव्हतं. अक्का मुलींच्या शाळेत गणित शिकवत. नवरा लवकर गेलेला, एकुलती एक मुलगी मालती लग्न होऊन पुण्याला. संध्याकाळी मला बोलावून घेत, गणितं घालत, आणि मी कंटाळलो की मराठी पुस्तक पुढे ठेवत. म्हणत, "बोलतोस ती भाषा वाचता नको यायला?" तंजावूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मला जागा मिळाली तेव्हा वडील नुसते हसत उभे राहिले. रडल्या त्या अक्का.

त्यांचा आवाज लहान होता. गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तसाच. जोर लावला की चिरकायचा आणि मग खोकला यायचा. वर्गात मुली गप्प बसत, कारण गप्प बसल्याशिवाय अक्का ऐकूच येत नसत. मी तर त्या आवाजातच बीजगणित शिकलो. मग मला ठाऊक नव्हतं, असं कसं म्हणू?

देशाचे दरवाजे बाहेरच्या मालाला नुकतेच उघडले होते ते दिवस. बंगळूरच्या एका कंपनीत मी लागलो. तंजावूरपर्यंत काचेच्या तंतूची केबल येऊन पोचली होती. पण तिथून पुढे भाताची खाचरं आणि कालवे ओलांडत गावोगाव केबल कोण नेणार? म्हणून पुढचं काम बिनतारी — एक्स्चेंजवर एक उंच मनोरा, गावांत लहान मनोरे, आणि तिथून घरापर्यंत जुनीच तांब्याची तार. ओरत्तनाडूच्या बाजूची गावं कंपनीनं माझ्याकडे दिली. वडिलांनी मापं घेता घेता ही बातमी साऱ्या बाजाराला सांगितली. अक्का मला म्हणाल्या, "एवढं शिकून दिवसभर हॅलो हॅलो करतोस होय रे?"

खरोखर तेच करत होतो. असल्या जोडणीत आवाजाचे आकडे होतात, आकड्यांचा पुन्हा आवाज होतो, आणि त्यात थोडा वेळ जातो. मग बोलणाऱ्याला स्वतःचंच बोलणं मागून परत ऐकू येतं — विहिरीत हाक मारल्यासारखं. ते घालवायला यंत्रात एक गणित बसवलेलं असतं. प्रतिध्वनी कसा येईल याचा ते अंदाज करतं, चूक पाहून अंदाज सुधारतं आणि येणाऱ्या आवाजातून तो वजा करतं. सुंदर गणित आहे. पण आमच्या गावांतल्या गंजलेल्या तारांवर तो अंदाज काही केल्या स्थिरावेना. थोडा प्रतिध्वनी उरायचाच. खरा उपाय म्हणजे बंगळूरला परत जाऊन सगळं नव्यानं लिहिणं. आणि तपासणीला टेलिफोन खात्याचे मद्रासचे अधिकारी तर येऊन ठेपले होते.

उरलेल्या आवाजासाठी यंत्रात एक दार असतं. ठरावीक पातळीच्या खालचा आवाज आला की ते बंद. मी ती पातळी वर नेली. अजून थोडी वर. प्रतिध्वनी गेला! कुणी शिकवलेली युक्ती नव्हती ही, माझी मलाच सुचली — आणि खरं सांगू? मला तिचा अभिमान वाटला. दारापाशी बारीक आवाजही अडणार, शब्दांची सुरुवात कापली जाणार, हे मला दिसत होतं. पण फोनवर बारीक आवाजात बोलतं कोण? पोस्टात ट्रंक कॉल लागला की अख्ख्या गल्लीला बाळंतपणाची बातमी कळायची. तपासणीला आलेले साहेबही तसेच ओरडले, मग थांबून कान देऊन राहिले. काही नाही. देवळाच्या गाभाऱ्यासारखी शांतता आहे, असं ते तमिळमध्ये म्हणाले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बंगळूरच्या प्रयोगशाळेत मला बढती मिळेल, असं त्याच दुपारी कानावर आलं.

अक्कांचा फोन मी स्वतः बसवून घेतला. तोपर्यंत त्या मुलीला पोस्टकार्डंच लिहीत. ओरडणं जमत नाही म्हणून फोनच्या वाटेला गेल्या नव्हत्या. मी ऐटीत सांगितलं, "आता ओरडायची गरज नाही. हळू बोला, अक्का — मालती शेजारी बसली आहे असं समजा."

त्या तशाच बोलल्या. दर रविवारी.

थोड्या आठवड्यांनी एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. फोन आला. अक्का बोलत होत्या, थांबत होत्या, तेच पुन्हा सांगत होत्या. मग त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला. मालतीचा आवाज घाबरलेला होता. "गोपू, आईचं बोलणं तुटतंय. अर्धे शब्द येतच नाहीत. मधेच गप्प होते. तिला झटकाबिटका तर आला नाही ना रे?"

मला त्या क्षणी सगळं कळलं. एका वाक्याचं काम होतं — लाइन खराब आहे, चूक माझी आहे. पण मग पातळी खाली आणावी लागणार. सगळ्या गावांत प्रतिध्वनी परत, तक्रारी, पुन्हा तपासणी. बंगळूर? आणि बाजारात वडील काय सांगणार? एवढा विचार करायला किती वेळ लागतो? काहीच नाही.

मी म्हणालो, "आता वय झालं ग अक्कांचं."

अक्का समोर होत्या. हातात माझ्यासाठी वाढायचा भात होता. त्यांनी तो वाढला.

कुणावर हात उगारला नाही, कुणाचं काही चोरलं नाही. एवढंच बोललो. पण गणिताच्या बाईंनी शिष्याचं उत्तर तपासून पाहिलं नाही — शिकलेला होता ना तो. त्यांनी ते खरं मानलं. फोनवर त्या आणखी जपून बोलू लागल्या, म्हणजे आणखी हळू, म्हणजे आणखी तुटक. मग माझ्याशीही कमी बोलू लागल्या — समोरासमोर, जिथे मध्ये कुठलीच तार नव्हती. वाक्य सुरू करून माझ्या तोंडाकडे बघत. मी ते बघणं ओळखत होतो.

पुढच्या सुटीत मालती आली आणि आईला एकटं ठेवायला नको म्हणून पुण्याला घेऊन गेली. घर दुसऱ्यांना गेलं. तंजावूर स्टेशनवर ट्रंक मीच उचलून ठेवली. गाडी सुटायच्या आधी अक्कांनी खिडकीतून मला जवळ बोलावलं. आमच्याकडच्या जुन्या मराठीत विचारलं, "मी बोलतें तें तुला कळतें ना रे?"

"कळतं, अक्का. सगळं कळतं." तेवढं मात्र खरं बोललो. "जाऊन या," असंही म्हणालो — आमच्याकडे तसंच म्हणतात. त्या परत येणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं.

बंगळूरला मला बढती मिळाली. तिथून एकदा मी पुण्याला फोन केला. लाइन चांगली होती, मध्ये माझं ते दार नव्हतं. अक्कांचा आवाज आला — तसाच लहान, पण अख्खा. प्रत्येक शब्द सुरुवातीपासून. मला एकही शब्द पुन्हा विचारावा लागला नाही हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, बोलता बोलता त्या थांबल्या आणि आनंदानं म्हणाल्या, "बघितलंस? आज सगळं नीट बोलतां आलं. इथल्या डॉक्टरांच्या गोळीनं गुण आला."

पुन्हा एकदा एका वाक्याचं काम होतं.

"हो अक्का," मी म्हणालो. "गुण आलेला दिसतो."

ती गोळी त्या शेवटपर्यंत न चुकता घेत होत्या, असं मालतीनं मला नंतर सांगितलं.