तबकडी आणि नानांची दहा पावलं

आमच्या फ्लेक्सच्या दुकानात दोन गोष्टींचा ढीग कधी संपत नाही. एक कात्रणं, दुसरे किस्से. कात्रणं निदान कुणीतरी खुराड्यावर टाकायला मागून नेतं. किस्से मलाच सांभाळावे लागतात. आणि त्यातले निम्मे माझ्याच फजितीचे!

या फजितीचं नाव 'तबकडी'. मी स्वतः केलेला फॉन्ट. दोन वर्षं खपून, घरच्यांना करपलेल्या पोळ्या घालून! अक्षरं अशी, की पन्नास वर्षांनी श्रीगोंद्यात बोर्ड लागतील तर असेच लागतील. काना खाली निमुळता, रॉकेटसारखा. डोक्यावरची रेघ तुटून तरंगणारी. आणि अनुस्वार म्हणजे नुसता ठिपका नाही, त्याच्याभोवती शनीसारखी कडी! त्या कडीवर तर मी स्वतःच फिदा.

आता यात नाना पेंटर कुठून आले? अहो, तालुक्यातले निम्मे बोर्ड नानांनी हाताने रंगवलेत. मला अक्षर काढायला त्यांनीच शिकवलं. आता सत्तरी ओलांडली, रोज आमच्याकडे चहाला येतात. त्यांची परीक्षा ठरलेली. बोर्डापासून दहा पावलं मागे जायचं आणि मोठ्याने वाचायचं. वाचता आलं की पास. 'छान' हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही. मला तो ऐकायचा होता, तबकडीसाठी. वय चव्वेचाळीस, हौस सातवीतली!

पहिला नमुना भिंतीला लावला. नाना तीन पावलं मागे गेले आणि परत खुर्चीत.

"नाना, दहा पावलं?"

"तिसऱ्यालाच अक्षर उडून गेलं, पोरी. आता वाचू काय?"

*

काष्टीची लग्नपत्रिका आली. नवरदेव पुण्यात इंजिनिअर. त्याला तबकडी बघताक्षणी आवडली. "ताई, एकदम युनिक!"

मी हवेत. नमुना छापला. त्याच्या आजोबांनी तो लांब धरला, जवळ धरला, चष्मा पुसून पुन्हा लांब धरला.

"लगीन काष्टीतच हाय ना? का वऱ्हाडानं चंद्रावर यायचं?"

पत्रिका जुन्याच अक्षरात छापली. देवक, मुहूर्त, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं', सगळं जमिनीवर!

*

मग एका भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. भाऊंचा भलामोठा फोटो आणि खाली शुभेच्छुकांच्या तीन रांगा. मी उत्साहाने सगळीच नावं तबकडीत टाकली. दुपारी वरच्या रांगेतले एक शुभेच्छुक तावातावाने हजर.

"मॅडम, माझ्या नावाचा काना खालच्याच्या डोक्यात घुसतोय."

"डिझाईन आहे ते."

"ते झालं तुमचं. पन आमचं दोघांचं आधीच जमत न्हाई, लोकांना वाटंल मीच घुसवलाय!"

*

याच फ्लेक्सने पुढे घात केला. आमची पद्धत अशी, की नवीन काम आलं की कालची फाईल उघडायची, फोटो बदलायचा, मजकूर बदलायचा. घाईत मी हे दोन्ही केलं आणि अक्षर तसंच राहिलं. काम होतं गावातल्या एका आण्णांच्या प्रथम पुण्यस्मरणाचं!

फ्लेक्स चौकात लागला. आण्णा हार घालून गंभीर, आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' उड्डाणाच्या तयारीत. आण्णांची सून दुकानात आली. मी आधीच अर्धी मेलेली.

"अहो ताई, आमचे आण्णा गेले तवा एवढ्या घाईत नव्हते हो!"

मी हात जोडले, लगेच दुसरा काढून देते म्हटलं. तेवढ्यात मागून त्यांच्या सासूबाई आल्या. फ्लेक्स बघूनच आल्या होत्या.

"ऱ्हाऊ द्या तोच. जल्मभर इमानात बसायचं म्हनत हुते."

*

एवढं होऊनही अक्कल आली नाही. मी आमच्या दुकानाचाच बोर्ड तबकडीत केला. पहिल्याच दिवशी एक बाई बोर्ड बघून, पोरांच्या खेळांची जागा समजून, दोन पोरांना घेऊन आत. "इथं उड्या मारायची जाळी कुठंय?"

नाना चहा पीत तिला म्हणाले, "ताई, जाळी न्हाई. पन उड्या चालू हायेत."

मी गुपचूप बोर्ड उतरवला. फाईलसुद्धा कॉम्प्युटरच्या पार कोपऱ्यात ढकलली. नानांना म्हटलं, "संपलं. आता तबकडी कुणाला दाखवणार नाही." त्या दिवशी त्यांनी चहा अर्धाच घेतला.

*

दसऱ्याच्या आधी आमच्याकडे उसाच्या ट्रॉल्या रंगवून घेतात. ते काम नाना अजूनही हातानेच करतात. परवा बाजारतळाजवळ एक ट्रॅक्टर उभा होता, मागे दोन ट्रॉल्या, ताज्या रंगाच्या. नाना ब्रश पुसत होते. मी सवयीने दहा पावलं मागे गेले आणि मोठ्याने वाचलं. 'आईची कृपा'. ठणठणीत, जाड, नानांचं नेहमीचं अक्षर. खाली कोपऱ्यात त्यांची नेहमीची सही, 'नाना पेंटर'.

मी पुन्हा बघितलं. जवळ गेले. 'पेंटर'वरच्या ठिपक्याभोवती कडी होती!

"नाना, हे काय?"

"कुठं काय?"

"ही कडी!"

"ब्रश घसरला आसंल. वय झालं आता."

मी मागच्या ट्रॉलीकडे गेले. तिथेही 'नाना पेंटर'. तिथेही कडी, तितकीच गोल, तितकीच तिरकी.

"दोन्हीकडे घसरला, नाना?"

नानांनी डबा बंद केला, पिशवी खांद्याला लावली.

"पुढच्या आठवड्यात आजून चार ट्रॉल्या हायेत," ते म्हणाले. "हात आता घसरायलाच लागलाय."