निळसर प्लेटमधला रिकामा गोल

मंडळी, अजून कॅम्प चार वस्तीतच आहे, तिथल्या हॉस्पिटलच्या बाकावर. पण हे आत्ताच सांगायचंय.

आईच्या रक्तात यीस्ट, म्हणजे बुरशी सापडलीय. औषध चालू असूनही ताप हटेना. कोणतं औषध लागू पडेल, त्याची टेस्ट लॅबमध्ये लावली होती, म्हणजे एका प्लेटमध्ये तीच बुरशी वाढवून तिच्यावर औषधं ठेवून बघायची. काल मी लॅबच्या सिंधी डॉक्टर मॅडमवर जाम चिडलो. "प्लेट तयार दिसतेय, रिपोर्ट द्या ना!"

त्या शांतपणे म्हणाल्या, "बेटा, अभी ठीक से उगा नहीं है. कल देखूंगी."

आज त्यांनी बोलावून ती निळसर प्लेटच दाखवली. त्यात दोन औषधांत भिजवलेल्या कागदाच्या दोन चकत्या. काल दोन्हींभोवती जागा मोकळी वाटत होती. आज आईला चालू असलेल्या औषधाच्या चकतीला बुरशी अगदी चिकटून वाढली होती. दुसरीभोवती मात्र स्वच्छ रिकामा गोल, म्हणजे त्या औषधापुढे बुरशी वाढलीच नव्हती.

"कल दे देती, तो यही दवा चलती रहती," मॅडम म्हणाल्या.

दुपारीच औषध बदललं. ताप अजून आहे, पण आईने मघाशी विचारलं, "मना घरी कवा नेशील रं?"

आजवर मागितलं ते देणाऱ्यांचेच आभार मानत आलो. आज पहिल्यांदा, न देणाऱ्या बाईंचे मानतोय.