पायानं तपासलेली यादी

दौऱ्याचा अहवाल घेऊन कुणी आलं, की डॉ. संगमवार मॅडम कागदाला हात लावण्याआधी विचारायच्या, “गावातल्या पयल्या घराचं दार कोन्या दिशेले हाय?” गेलेला माणूस पटकन सांगे. बसल्या जागी अहवाल रंगवणारा भिंतीकडे बघत राही. आदिलाबाद जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातल्या त्या सर्वांत वरच्या अधिकारी. “यादी पायानं तपासाची असते, पेनानं नाई,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी त्यांचा कारकून. ते फिरतीवरच्या लोकांसाठी आहे, अशी माझी सोयीस्कर समजूत.

जिल्ह्याचे चार तुकडे झाले तेव्हा गावांच्या याद्या वेगळ्या करायचं काम माझ्याकडे आलं. इचोड्यापलीकडच्या रानात गोंडांच्या वस्त्या आहेत, त्यांना गुडा म्हणतात. गुड्याला पटेलाचं, म्हणजे तिथल्या प्रमुखाचं, नाव असतं. पटेल बदलला की नावही बदलतं. एका गुड्याचं जुनं नाव कुणालाच ओळखू येईना. शेजारच्या जिल्ह्यात गेला असेल, असं ठरवून मी तो खोडला. प्रत्यक्षात पटेल तेवढा वारला होता. गुडा होता तिथेच, आमच्याच हद्दीत.

कित्येक महिने तिथे लस गेली नाही. मग गोवराची बातमी आली. मॅडम तडक निघाल्या. जीप ओढ्याशी अडली तशी लशीचा खोका माझ्या खांद्यावर देऊन चालू लागल्या. तापानं फणफणलेली पोर मांडीवर घेतलेली बाई म्हणाली, “आमी तं इथंच होतो. तुमीच काऊन नाई आले?” पोर वाचली, कारण मॅडम तीन दिवस तिथून हलल्या नाहीत.

वरून मेमो आला: दोषी कर्मचाऱ्याचं नाव कळवा. मॅडमनी मलाच उत्तर टाइप करायला लावलं: ‘यादीवर सही माझी आहे. चूक माझी.’

“मॅडम, खोडलं तं मी.”

“हाव, ठाऊक हाय मले. पन तुमाले घरी बसवलं तं बाकीच्या याद्या कोन तपासन? उद्यापासून निघा.”

त्यांची हैदराबादची बढती हुकली. अखेर त्याच खुर्चीतून त्या निवृत्त झाल्या. त्याबद्दल अवाक्षर नाही. मी मात्र अजून शरमतो.

मेमोचं उत्तर गेलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी पायी हिंडलो. महिन्याभरात आणखी एक गुडा सापडला, माझ्याच पेनानं खोडलेला. धावत परत आलो, मॅडमना सांगता सांगता रडू फुटलं. तोवर त्यांनी लशीचा खोका बर्फ घालून उचललाही होता.

“रडा मागून, गणपतराव. बर्फ वितळून राह्यला.”