अध्यक्षांची सकाळची डबल्स

अमरावतीच्या आमच्या टेनिस क्लबात मला सेक्रेटरी केलं, कारण ते काम कुणालाच नको होतं. मी शाळेत खेळाची शिक्षिका. बाई आहे, चहापाणी तरी नीट बघेल, असा सभासदांचा विचार. अध्यक्ष नावाजलेले वकील. टेनिस हा सभ्य लोकांचा खेळ आहे, असं ते प्रत्येक भाषणात सांगत आणि खाली उतरून कोर्टाच्या कडेला तंबाखूचा खर्रा थुंकत.

जिल्ह्याच्या स्पर्धा मे महिन्यात व्हायच्या. सकाळी गारव्यात साहेब लोकांची आपसातली डबल्स चाले. मुलींचे सामने भर दुपारी, मागच्या भेगाळलेल्या कोर्टवर. त्या उन्हात तिथं म्हैससुद्धा थांबली नसती. अकोल्याची एक मुलगी चक्कर येऊन नेटपाशी पडली, तेव्हा अध्यक्ष सावलीतूनच म्हणाले, "पोरीईले झेपत नाही हा खेळ."

पुढच्या वर्षी मी मुलींचे सामने सकाळी, पुढच्या कोर्टवर लावले. ड्रॉ सगळ्यांसमोर काढला. तोवर तो अध्यक्षांच्या दिवाणखान्यात निघे आणि त्यांच्या नातवाच्या वाट्याला दरवेळी कच्चाच खेळाडू येई. पांढऱ्या कपड्यांची सक्तीही काढून टाकली. चांदूर रेल्वेच्या एका भाजीवाल्याच्या मुलीला आम्ही केवळ कपड्यांपायी घरी पाठवलं होतं.

त्या वर्षी तीच मुलगी फायनलला होती. ती सर्व्ह करत असतानाच अध्यक्ष रॅकेट घेऊन थेट कोर्टवर आले. मागे त्यांचे डबल्सवाले.

"बाई, आमचा टाइम झाला. पोरीईले मांगच्या कोर्टवर न्या."

मी अंपायरच्या खुर्चीत होते. "साहेब, मॅच सुरू आहे. बाहेर व्हा."

"तुमी मले सांगून राहिल्या? हा क्लब मी उभा केला!"

"मग आता जरा तुम्हीच उभे राहा. तिकडं, जाळीबाहेर."

पालक खो-खो हसले. साहेबांनी तिथल्या तिथं राजीनामा दिला. लोक विनवण्या करतील अशी त्यांना खात्री असावी. संध्याकाळच्या बैठकीत तो मंजूर झाला. त्यांच्या डबल्सच्या जोडीदाराला अध्यक्षपदाची इतकी घाई, की त्याने दोन्ही हात वर केले.

त्यानंतर सिंथेटिक कोर्ट आलं, दिवे आले, नावनोंदणी मोबाइलवर आली. त्यासाठी सरकारी कचेरीत मी इतक्या खेपा घातल्या, की तिथला शिपाई मला टेनिसबाई म्हणू लागला.

गेल्या हिवाळ्यात क्लबाने सत्कार ठेवला, वऱ्हाडात आधुनिक टेनिस आणणाऱ्याचा. शाल पडली ती जुन्या अध्यक्षांच्या खांद्यावर. मुलींना आपण किती प्रोत्साहन दिलं हे सांगताना त्यांनी त्याच शालीने डोळेही टिपले. असली माणसं स्वतःच्या थापांवर मनापासून रडतात.

माझ्याकडे आभारप्रदर्शन होतं. मी मंडपवाल्याचे आभार मानले, स्पीकरवाल्याचे मानले, चहावाल्याचे मानले आणि खाली बसले. चांदूरची ती मुलगी आता आमची कोच आहे. मागच्या रांगेत तिने एकटीनेच जोरजोरात टाळ्या वाजवल्या. जुने अध्यक्ष शेजारच्याला विचारत होते, "माह्यं नाव कावून नाही घेतलं हिनं?"