लिंबू टोचलेला चाकू

माझ्याकडे चाकूंचा संग्रह आहे असं म्हटलं की लोक आधी थोडे मागे सरकतात आणि संग्रह बघितला की निराश होऊन पुढे येतात. त्यांच्या डोळ्यांसमोर ढाल, मखमल, भिंतीवरच्या खुंट्या असं काहीतरी असतं. माझ्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. आठवडी बाजारात पोत्यावर कंगवे, कुलपं आणि नाड्यांच्या शेजारी मांडलेले असतात, तसले घडीचे चाकू त्यात आहेत. एक माशाच्या आकाराचा पितळी आहे. एक शिंगाच्या मुठीचा. मुरुडच्या बाजारात घेतलेला एक उघडतो, पण स्वतःच्या मर्जीने. नांदेडला गुरुद्वाऱ्याजवळच्या गल्लीत तलवारीही मिळतात. माझ्या एका सहकाऱ्याने दोन तलवारी आणून दिवाणखान्यात फुलीसारख्या टांगल्यात आणि त्याखाली बसून तो पेपर तपासतो. त्या तलवारींनी आजवर एक पेरू कापलेला नाही.

माझा आवडता चाकू उदगीरच्या बाजारातला. काळ्या लाकडाची मूठ, पितळेचे खिळे आणि साधं लोखंडी पातं. वापरून वापरून पात्यावर निळसर झाक आली होती आणि ते बोटाच्या एका धक्क्याने घडी व्हायचं. पेरू, ऊस, सुतळी, परीक्षेच्या गठ्ठ्यांची लाख, सगळं त्यानेच. मी नांदेडच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. दिवसभर प्रत्येक गोष्टीला इतिहास असतो. या चाकूला काही इतिहास नव्हता, म्हणून संध्याकाळी तो हातात बरा वाटायचा.

आमच्या घरात चाकू कुणी कुणाच्या हातात देत नाही. हातात दिला की भांडण होतं. खाली ठेवायचा, समोरच्याने उचलायचा. मी यावर विश्वास ठेवत नाही, पण पाळतो; बायको विश्वास ठेवते आणि पाळतेही. त्यामुळे आमच्यातली भांडणं चाकूवरून कधी झाली नाहीत. बाकी सगळ्यावरून झाली.

भाच्याचं लग्न लातूरला होतं. माझी थोरली बहीण, अक्का, तिथे असते. दाजींची आडत आहे. हळदीच्या सकाळी मी पोचलो तेव्हा घरात रडारड चालली होती. नवरदेवाला हळद लागली की आमच्यात त्याच्या हातात कट्यार देतात, टोकाला लिंबू टोचून, म्हणजे दृष्ट लागत नाही. हळद उतरेपर्यंत ती हातातून सोडायची नाही. भावकीत कट्यार एकच आणि ती देवणीच्या चुलतघरी. तिकडेही त्याच तिथीला लग्न निघालं होतं, आणि तिकडच्या नवरदेवाला हळद आधी लागली होती.

अक्काने माझ्याकडे बघितलं. पाहुण्यांतला चाकू बाळगणारा मीच, हे तिला आठवत होतं.

"तुझ्या खिशात असंल की तुझं ते."

"अक्का, तो पेरू कापायचा चाकू आहे. लिंबानं पातं खराब होतं."

"पोराला नजर लागली तर चालंल, पातं खराब व्हायला नको. असला मामा हाय बघा!" हे तिने मला नाही, अंगणातल्या सगळ्यांना सांगितलं.

मी चाकू पाटावर ठेवला. तिने उचलला, उघडला आणि एक टपोरं लिंबू असं टोचलं की पातं पलीकडून बाहेर आलं. उद्या संध्याकाळपर्यंत परत मिळाला तर धुऊन, खोबरेल तेल लावून वाचेल, असा मी हिशेब केला. तेव्हापासून त्या लग्नात माझं लक्ष एवढ्यावरच होतं.

दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालयात एक नेते येणार होते. दाजींनी पत्रिकेत त्यांचं नाव नवरदेवाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापलं होतं. नेते येणार म्हणून दारात धातू ओळखणारी चौकट उभी केलेली, आणि बाजूला एक फौजदार. घोड्यावरून उतरलेला भाचा चौकटीतून गेला आणि चौकट ओरडली.

"हे काय आहे?" फौजदाराने विचारलं.

"लिंबू," भाचा म्हणाला.

"लिंबाच्या खाली?"

भाच्याने खाली बघितलं, जणू त्यालाही आत्ताच कळत होतं.

"आत हत्यार चालणार नाही," फौजदार म्हणाले. "साहेब येऊन राहिलेत."

"हत्यार?" अक्का पुढे आली. "अवो साहेब, ह्या हत्यारानं ह्याच्या मामाला पेरू बी धड कापत न्हाई!"

हे खोटं होतं, पण बोलायची ती वेळ नव्हती. फौजदारांनी चाकू कुणाचा म्हणून विचारलं आणि सगळं वऱ्हाड माझ्याकडे वळलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग त्यांनी मार्ग सुचवला. घडीचा आहे ना, घडी करून खिशात ठेवा.

"घडी केल्यावर लिंबू कुठं टोचू? कपाळात?" अक्का म्हणाली.

गुरुजींना बोलावलं. हातात शस्त्र असावं असं आहे, पण मिटलेलं शस्त्र हे शस्त्र की नाही, यावर काही आढळत नाही, असं ते म्हणाले. मुलीकडचे एक वकील होते. त्यांचं मत पडलं की मिटलेला असेल तर ती केवळ वस्तू आहे. मग वस्तू हातात धरून लग्न कसं लागेल, असं गुरुजींनी विचारलं. मुहूर्त जवळ येत होता. बँडवाले तेच गाणं तिसऱ्यांदा सुरू करत होते. पात्यावरून लिंबाचा रस हळूहळू मुठीकडे, जिथे पातं फिरतं त्या खिळ्याकडे, उतरत होता. ते फक्त मलाच दिसत होतं.

शेवटी फौजदारांनी तोडगा काढला. चाकू नवरदेवाच्या ताब्यात राहील आणि नवरदेव पोलिसांच्या.

आमच्यात अंतरपाटाच्या वेळी नवरदेवाच्या मागे मामा उभा राहतो. त्या जागी एक शिपाई उभा राहिला, भाच्याच्या मनगटाकडे डोळे लावून. मी शिपायाच्या मागे. अक्षता निम्म्या त्याच्या टोपीवर पडल्या. खालच्या खुर्च्यांमध्ये कुजबुज सुरू झाली.

"पोरानं काय केलं हो?"

"पळून चालला होता म्हणं. धरून आणलाय."

"तरी मुलगी देऊन राहिलेत?"

"आडत हाय की त्यांची."

फोटोवाल्याने शिपायाला जरा बाजूला व्हायला सांगितलं. शिपाई म्हणाला, ड्युटी आहे. मग फोटोवाल्याने त्याला निदान हसायला सांगितलं. तेवढं त्याने केलं. लग्नाच्या अल्बममधला सगळ्यात प्रसन्न चेहरा त्याचाच आहे.

नेते आले ते चौकटीतून नाहीच आले. त्यांची माणसं इतकी होती की त्यांना स्वयंपाकघराच्या दाराने आत घेतलं. तिथे आचारी कोपराएवढ्या लांब सुऱ्यांनी काकड्या चिरत बसले होते. स्टेजवर येऊन त्यांनी नवरदेव बघितला, शिपाई बघितला, आणि आवाज बारीक करून दाजींना विचारलं, "काय केलंय यानं?"

"लग्न, साहेब," दाजी म्हणाले.

साहेबांनी दोन हात लांबून आशीर्वाद दिला, माइकवर तरुण पिढीबद्दल थोडं बोलले आणि गेले. त्यांच्याबरोबर बंदोबस्तही गेला. शिपाई तेवढा जेवायला राहिला.

संध्याकाळी मी अक्काला चाकू मागितला. हळद उतरल्याशिवाय न्हाई, ती म्हणाली. हळद उतरली. देवाला जाऊन आल्याशिवाय न्हाई. देवाला जाऊन आले. मग फोनवर सांगितलं, राहू दे, पाळणा हलला की उशाखाली ठेवायला लोखंड लागतंच. पाळण्याची अजून काही बातमी नव्हती. मी नांदेडला त्या माशाच्या आकाराच्या चाकूने पेरू कापत होतो. माशाची शेपटी तळहाताला टोचते.

काही महिन्यांनी कामानिमित्त लातूरला गेलो. मनात काम एकच होतं. घरात शिरलो तर अक्का देवघरापुढे शेजारणीला काहीतरी दाखवत होती. लाल कापडावर माझा चाकू होता, उघडा, पात्यावर कुंकवाचं बोट.

"निजामाच्या काळातला हाय," अक्का सांगत होती. "आमच्या माहेरचा. लग्नात ह्याला पोलीस बंदोबस्त ठेवावा लागला. फोटो हायत की!"

शेजारणीने अल्बम बघितलाच होता. तिने हात जोडले.

ती गेल्यावर मी म्हणालो, "अक्का, मी तो उदगीरच्या बाजारात घेतलाय. माझ्या हाताने."

"मग? निजामाच्या काळात उदगीरला बाजार भरत नव्हता?"

भरत होता, आणि हे मीच इतकी वर्षं वर्गात शिकवत आलोय. पुढच्या महिन्यात देवणीच्या घरी दुसरं लग्न होतं आणि भावकीची कट्यार असूनही त्यांनी हा चाकू मागितला होता. कट्यारीला कधी पोलीस आले नव्हते.

अक्का सुनेला घेऊन स्वयंपाकघरात गेली. भाचा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मामा, घेऊन जा. मी आईला सांगतो, उंदरानं नेला."

"उंदीर चाकू नेतो?"

"निजामाच्या काळातला म्हटल्यावर काय बी नेऊ शकतो."

त्याने चाकू उचलला. घडी करायला बघितलं, होईना. लिंबाने खिळा गच्च धरला होता. मी हात पुढे केला, पण शेवटी तो अक्काचा मुलगा. हातात देऊ नये म्हणून त्याने चाकू देवघरासमोर फरशीवर ठेवला. मी उचलायला वाकलो. माझे गुडघे आता एकदम वाकत नाहीत. आधी एक, मग दुसरा. दोन्ही टेकले, हात पात्याजवळ पोचला, आणि मागे ताटलीचा आवाज झाला.

अक्का दारात उभी होती, मागे सून. माझा हात होता तिथेच थांबला.

"बघ गं," अक्का सुनेला म्हणाली, आणि तिचा आवाज खरोखर भरून आला होता. "जन्मात देवापुढं वाकला न्हाई ह्यो. आमचे वडील गेले तेव्हाबी न्हाई."

आता उचलणं शक्य नव्हतं. मी दुसरा हात पहिल्याला जोडला आणि कपाळ फरशीला टेकवलं. इतक्या जवळून खिळ्याभोवतीचा गंज नीट दिसत होता. बाजूला बांगड्या वाजल्या, सून वाकली. मग भाचाही वाकला. त्याला दुसरा इलाज नव्हता.

अक्काने चाकू उचलून परत लाल कापडावर ठेवला. मग ताटलीतला पेरू प्लॅस्टिकच्या मुठीच्या सुरीने कापला आणि पहिली फोड चाकूपुढे ठेवली.