जवळ्याच्या खोक्यातले समुद्रघोडे

शारजाच्या औद्योगिक भागात, गॅरेजांच्या रांगेमागे लिनेटचं सुक्या मासळीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन फ्रीजर, एक वजनकाटा आणि बोंबलांचा दरवळ. पण अबुधाबीची मराठी माणसंसुद्धा गाडी काढून तिथे यायची, कारण माल थेट वसईच्या किनाऱ्यावरचा असे आणि लिनेटच्या शब्दात खोट नसे. नवरा पॅट्रिक हॉटेलात स्वयंपाकी. धंदा मात्र तिने एकटीने उभा केलेला.

एका शुक्रवारी गिरिजा नावाची जुनी गिऱ्हाईक अर्ध्या वाटेवरून परत आली.

"लिनेटताई, हे काय निघालं हो जवळ्यात? पोरगी गाडीत किंचाळलीच. 'मम्मा, इट्स अ सीहॉर्स!' म्हणाली."

तिच्या तळहातावर बोटाएवढा, वाळून कडक झालेला समुद्रघोडा होता. लिनेटने माफी मागितली, दुसरं पाकीट दिलं आणि गिरिजाची गाडी वळताच शटर खाली ओढलं. मग तिने नव्या मालाची खोकी टराटरा फाडली. जवळ्याच्या थराखाली कापडी पिशव्या होत्या. पिशव्यांत समुद्रघोडेच समुद्रघोडे, वाळल्या शेंगांसारखे खडखडणारे. कितीतरी पोट फुगलेले. म्हणजे नर. हा मासा पिल्लं वाढवतो ती नराच्या पोटातल्या पिशवीत, हे बंदरावरच्या कुठल्याही पोरीला ठाऊक. मासळी निवडताना असा नर जिवंत सापडला, तर लिनेटची आई त्याला उचलून पाण्यात सोडायची.

लिनेटची कानशिलं तापली. वसईहून येणारा माल यंदापासून जेसन बंदरावरच्या एका माणसाकडून भरून घ्यायचा. जेसन म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तिनेच त्याला व्हिसा काढून इकडे आणलं, नोकरी लागेपर्यंत हॉलमध्ये झोपवलं. आता तो दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये कसलंसं वेलनेसचं ऑफिस थाटून बसला होता. "बाय, तू कशाला दगदग करतेस? पॅकिंगचं मी बघतो," असं लाडात येऊन म्हणाला होता.

"ये इकडे. आत्ताच्या आत्ता," एवढंच ती फोनवर बोलली.

तो आला. उघड्या पिशव्या पाहून त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग तो हसला.

"बाय, ओरडू नकोस. पुढे जाणारा माल आहे, दोन दिवसांत खलास. चायनीज औषधवाले घेतात. दम्यावर, पुरुषांच्या ताकदीवर. जुनं शास्त्र आहे त्यांचं."

"शास्त्र त्यांचं असेल. चोरी तुझी आहे. आणि खोक्यावर नाव माझं!"

"अगं, जाळ्यात मेलेलेच असतात ते. मी नाही तर दुसरा कोणी विकेल."

"मेलेले? पूर्वी एखाददुसरा चुकून यायचा. एवढे चुकून येतात? भाव मिळतो म्हणून ट्रॉलरवाले काठाजवळचा तळ खरवडतायत, पोटुशा नरांसकट! आपल्याकडे ह्याला हात लावायलासुद्धा बंदी आहे. तुला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं, म्हणूनच माझ्या जवळ्यात लपवलंस!"

"मग खाणाऱ्यांना बोल ना. मला काय बोलतेस?"

"खाणाऱ्याला मी पाहिलेलं नाही रे. विकणारा माझ्या ताटात जेवलाय."

तो पिशवी उचलायला वाकला. तिने त्याच्या हातातून ती हिसकली. "उद्या सकाळी मी सगळं अधिकाऱ्यांना सांगणार आहे. हिंमत असेल तर बरोबर ये. नाहीतर चालता हो."

तो आला नाही. पॅट्रिक फोनवर कळवळून म्हणाला, "दुकान जाईल, लिनेट. विचार कर."

"विचार त्याने करायचा होता."

सकाळी तिने तक्रार दिली. पर्यावरण खात्याची एमान नावाची अधिकारी दोघा माणसांना घेऊन दुकानात आली. तिने सगळे समुद्रघोडे एकेक करून मोजून घेतले. मग तिने विचारलं, "आपको मालूम था?"

"नहीं, मॅडम. पर माल मेरे नाम पे आया है."

जेसनला अटक झाली आणि चौकशी संपेपर्यंत दुकानाला सील लागलं. लागणार हे लिनेटला माहीत होतं, तरी ती लाल पट्टी बघून तिला ओरडावंसं वाटलं. त्या रविवारी चर्चबाहेर कोणी तरी हळूच म्हणालं, "सख्ख्या भावाला पकडून दिलं बाईने." ती गर्रकन वळली. "हो, दिलं! आणि त्याने मला पकडवलं असतं, तेव्हा तुम्ही काय म्हणाला असता? बिचारी?"

काही महिन्यांनी ती निर्दोष ठरली. जेसनला शिक्षा झाली आणि मग त्याला मायदेशी धाडलं. दुकान उघडलं, पण गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. गिरिजा मात्र येत राहिली.

मग आईचा फोन आला. "घरी येऊन नुसता बसून असतो गं. जेवत नाही धड. तू मोठी आहेस, एक फोन कर त्याला."

"आई, बंदरावर पैसे वाटून ते घोडे गोळा करणारा माणूस अजून तिथेच आहे?"

"आहे," आई म्हणाली.

"जेसनला ओळखतो तो. जेसनला सांग, त्याचं नाव पोलिसांना दे. त्या दिवशी मी फोन करीन."

आईने फोन ठेवला. जेसनने नाव दिलेलं नाही. लिनेटनेही फोन केलेला नाही.